ग्रंथ एका गावी, अभ्यासक दुसऱ्या गावी: इन्फ्लिबनेटची वाटचाल धाराशिवहून पाहताना

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावाची खरी ओळख विद्वानांना पटली ती लंडनमध्ये छापलेल्या एका लेखामुळे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर येते. तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. हे तगर नेमके कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी उत्तरे पुढे आली. 1901 मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये तगर म्हणजे तेर, असे साधार मांडले आणि वाद बहुतांशी मिटला. पुढे 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती तेरला मिळाली आणि हे गाव रोमन व्यापाराच्या चर्चेत कायमचे जाऊन बसले. पाँपेईच्या मूर्तीवर अमेदेओ मायुरी यांनी इटालियनमध्ये लिहिले. 1950 मध्ये ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात तिच्यावर स्वतंत्र लेख आला. मॉर्टिमर व्हीलर यांचे रोमन साम्राज्याच्या सीमेपलीकडच्या व्यापारावरचे पुस्तक 1954 चे. लायोनेल कॅसन यांनी मूळ ग्रीक संहिता, इंग्रजी भाषांतर आणि टीपा यांसह सिद्ध केलेली ‘पेरिप्लस’ची आवृत्ती प्रिन्स्टन विद्यापीठाने 1989 मध्ये काढली. वस्तू तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहेत. त्या वस्तूंचा अर्थ लावणारे लेखन मात्र लंडन, इटली आणि प्रिन्स्टन इथे छापले गेले.

जिल्ह्यात राहून तेरवर प्रबंध लिहिणाऱ्याची अडचण त्यामुळे मोठी चमत्कारिक आहे. विटांचे त्रिविक्रम मंदिर त्याच्या डोळ्यांसमोर असते, पण त्यावर बोलण्यासाठी जी पुस्तके वाचून व्हायला हवीत ती शेकडो किलोमीटर दूर असतात. किल्लारीच्या भूकंपावर किंवा अवर्षणप्रवण शेतीच्या अर्थकारणावर काम करणाऱ्यालाही कमीअधिक हाच अनुभव. जिल्ह्यातल्या वाचकांसाठीच्या या स्मरणिकेत इन्फ्लिबनेट या संस्थेचा इतिहास लिहायचा तो या अडचणीच्या उत्तरासाठीच. देशभरच्या विद्यापीठीय ग्रंथालयांना एका जाळ्यात आणण्यासाठी ही संस्था उभी राहिली. तिच्या तीन दशकांच्या कामाचा हिशेब मांडला की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. सहकाराने परदेशी नियतकालिकांचा प्रश्न बराचसा सोडवला. परदेशी ग्रंथांचा प्रश्न त्याच वाटेने सुटणारा नव्हता आणि तो सुटलाही नाही. ग्रंथांसाठी जुनी, कष्टाची वाट, म्हणजे ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके उसनी देणे आणि खरेदी वाटून घेणे, हीच नव्याने पक्की करावी लागेल.

या प्रश्नाची पाळेमुळे जिल्ह्याच्या इतिहासात आहेत. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. अभ्यासकाची नजर साहजिकच हैदराबादकडे असे. तिथे 1891 मध्ये स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय होते आणि 1918 पासून उस्मानिया विद्यापीठ होते. उस्मानियाने परदेशी ज्ञान आणण्याचा आपला मार्ग शोधला होता. स्वतंत्र भाषांतर विभाग काढून शेकडो पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणले. हा उपक्रम मोठाच होता. पण मराठी शाळेत शिकून वर आलेल्या मुलाला त्याचा उपयोग उर्दूच्या उंबरठ्यावरूनच व्हायचा. 1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. दोन वर्षांनी, 23 ऑगस्ट 1958 रोजी, औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. अभ्यासकाची दिशा बदलली, अंतर मात्र तसेच राहिले. मुंबई, पुणे, कोलकाता इथली ग्रंथालये अनेक दशकांत वाढली होती. मुंबईची एशियाटिक सोसायटी 1804 ची, पुण्याची भांडारकर संस्था 1917 ची. नव्या विद्यापीठाला हा साठा शून्यातून उभा करायचा होता. 1954 च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना मिळू लागली, म्हणजे भारतीय पुस्तक निदान कुठेतरी असण्याची हमी आली. परदेशी पुस्तकाला अशी हमी कुठल्याच कायद्याने नव्हती. ते कोणीतरी विकत घेतले तरच देशात येणार.

आणि विकत घेणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला 4.76 रुपये पडत, ते 7.50 पडू लागले. ग्रंथालयाचे अंदाजपत्रक रुपयांत आणि बिल डॉलर-पौंडांत, त्यामुळे एका रात्रीत त्याच पैशात मिळणारी परदेशी पुस्तके एक तृतीयांशाहून अधिक घटली. नव्या, लहान विद्यापीठांना हा फटका सर्वांत जास्त बसला, कारण त्यांच्याकडे जुना साठा नव्हता. परदेशी मदतीने काही पुस्तके आली, हेही नोंदवले पाहिजे. 1951 मध्ये अमेरिकेने भारताला गव्हासाठी 19 कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या कर्जाच्या व्याजापैकी 50 लाख डॉलर शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखले गेले आणि त्यातून भारतीय ग्रंथालयांना अमेरिकी पुस्तके मिळाली. पण व्याजाची रक्कम संपली की पुस्तकांचा ओघ आटायचा. देणगीतून संग्रहाला सातत्य येत नाही. एखाद्या विषयावर वर्षानुवर्षे, नेमाने पुस्तके येत राहिली तरच संशोधनाला उपयोगी पडेल असा संग्रह होतो.

त्याच काळात अमेरिकेने स्वतःच्या अभ्यासकांसाठी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 1942 मध्ये, कनेटिकट राज्यातल्या फार्मिंग्टन गावी काही ग्रंथपाल आणि विद्वान जमले. परदेशात निघणाऱ्या, संशोधनाला उपयोगी पडेल अशा प्रत्येक पुस्तकाची निदान एक प्रत अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात असली पाहिजे, असा संकल्प त्यांनी केला. 1948 पासून तो अमलात आला. ग्रंथालयांनी विषय आणि देश वाटून घेतले, ज्याच्या वाट्याला जे आले त्याने ते विकत घ्यायचे, सूचीत नोंदवायचे आणि मागेल त्याला उसने द्यायचे. ही योजना 1972 पर्यंत चालली. श्रीमंत विद्यापीठांनादेखील एकट्याने सगळे घेणे परवडत नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले, यात त्यांचे शहाणपण आहे. पुढे 1962 पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीतल्या कार्यालयातून भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन ती अनेक अमेरिकी विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यासाठी लागणारे पैसे भारताने विकत घेतलेल्या अमेरिकी धान्यापोटी इथे साठलेले रुपये होते. पुण्या-मुंबईत छापलेली मराठी पुस्तके या वाटेने शिकागोपर्यंत नियमित जाऊ लागली. शिकागोत बसून मराठी संतसाहित्याचा अभ्यास करणाऱ्याची जी सोय झाली, ती तुळजापुरात बसून रोमन व्यापाराचा अभ्यास करणाऱ्याची झाली नाही. फरक पैशाचा होताच; पण पैशाइतकाच फरक संघटनेचाही होता.

आपल्याकडे सहकाराची कल्पना परकी नव्हती, आणि महाराष्ट्रात तर मुळीच नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हेच 1969 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचेही पहिले अध्यक्ष होते. सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीतून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. परिषदेने लवकरच दिल्लीत प्रलेखन केंद्र काढले, देशातल्या ग्रंथालयांत सामाजिक शास्त्रांची कोणती नियतकालिके कुठे आहेत याच्या संयुक्त तालिका छापल्या आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दूरच्या ग्रंथालयात जाऊन वाचता यावे म्हणून प्रवास-अनुदान सुरू केले. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गाळपाचा खर्च वाटून घ्यावा हे ज्या अर्थशास्त्रज्ञाने व्यवहारात उतरवले, त्याच्याच नेतृत्वाखाली ग्रंथालयांनी माहिती वाटून घ्यावी हा विचार राष्ट्रीय पातळीवर आला, याला मी केवळ योगायोग मानत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय आज गाडगीळांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र त्या काळच्या योजनेत एक मर्यादा होती. पुस्तकाने अभ्यासकाकडे यावे याऐवजी अभ्यासकाने पुस्तकाकडे जावे, अशीच तिची बांधणी होती. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या तालुक्याच्या प्राध्यापकाला दिल्ली किंवा मुंबईत पंधरा दिवस राहणे कितीदा शक्य होणार?

इन्फ्लिबनेटचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी प्रा. यशपाल असताना, 1988 मध्ये, विद्यापीठांच्या ग्रंथालयांचे देशव्यापी जाळे उभारण्याविषयीचा अहवाल तयार झाला. त्याच वर्षी पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांच्या संचालकत्वाखाली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था सुरू झाली. प्रत्येक विद्यापीठाला मोठी दुर्बीण आणि मोठे ग्रंथालय परवडणार नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक उत्तम केंद्र वापरावे, हा आयुकाचा पाया. ग्रंथालयांच्या जाळ्याचा प्रकल्प 1991 मध्ये आयुकाच्याच छत्राखाली सुरू झाला तो त्यामुळे स्वाभाविकच म्हणायचा. काम अहमदाबादला उभे राहिले. 1996 मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले आणि पुढे गांधीनगरला स्वतःच्या जागेत गेले. 1991 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. त्या जुलैत दोन टप्प्यांत रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले आणि देशभरच्या विद्यापीठांनी परदेशी नियतकालिकांची वर्गणी बंद करण्याचा सपाटा लावला. एकीकडे जाळे विणायला घेतले होते आणि दुसरीकडे जाळ्यात यायचे तेच कमी होत चालले होते.

सुरुवातीची वर्षे पायाभरणीत गेली. कार्डांवरच्या नोंदी संगणकावर चढवायच्या, त्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने करायच्या, आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर महाविद्यालयांना परवडेल अशा किमतीत द्यायचे. ‘सोल’ हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर 2000 मध्ये आले. विद्यापीठांच्या ग्रंथालयांची संयुक्त तालिका ‘इंडकॅट’ उभी राहिली. दिल्लीत 1988 पासून सुरू असलेले ‘डेलनेट’ सभासद ग्रंथालयांमध्ये पुस्तकांची देवघेव घडवून आणत होतेच. मुंबईचे बोनेट आणि पुण्याचे पुणेनेट हे शहरी प्रयत्न मात्र मागे पडले. महाराष्ट्राने याचे वाईट वाटून घ्यायला हवे, कारण आपल्या राज्यातला सर्वांत समृद्ध ग्रंथसाठा याच दोन शहरांत आहे. 2004 मध्ये इन्फ्लिबनेटने विद्यापीठांसाठी ई-जर्नल्सची सामायिक वर्गणी सुरू केली, 2010 मध्ये ‘एन-लिस्ट’द्वारे ती महाविद्यालयांपर्यंत आणली. तालुक्याच्या ठिकाणचे अनुदानित महाविद्यालय वर्षाला काही हजार रुपये भरून हजारो नियतकालिके आणि लाखभराहून अधिक ई-पुस्तके वापरू शकते, हे आधीच्या पिढीतल्या ग्रंथपालांना खरे वाटले नसते. ‘शोधगंगे’मुळे देशभरचे प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि सरकारी व्यवस्थापनाखालच्या 6,300 हून अधिक संस्था, असा तिचा पसारा आहे. अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडेच आहे. 1966 आणि 1991 च्या आठवणी ज्यांना आहेत त्यांना या कामाचे मोल सांगायला नको.

मग ग्रंथांचे काय? एन-लिस्टमधली ई-पुस्तके प्रकाशकांनी गठ्ठ्याने दिलेली असतात. हवे ते नेमके पुस्तक त्यात असेलच असे नाही, आणि बहुधा नसतेच. नव्या योजनेत तर नियतकालिकेच आहेत. नियतकालिक आणि ग्रंथ यांच्या व्यवहारात मूळचाच फरक आहे. नियतकालिकांच्या बाजारात मोजके मोठे प्रकाशक आहेत, त्यांच्याशी एका टेबलावर बसून देशासाठी सौदा होतो. विद्वत्तापूर्ण ग्रंथ शेकडो लहानमोठी विद्यापीठीय प्रकाशने काढतात, प्रत्येकाच्या थोड्या प्रती निघतात, आणि बरेच जुने ग्रंथ ई-स्वरूपात आलेलेच नाहीत. भौतिकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाचे संशोधन मुख्यतः लेखांतून चालते; इतिहास, पुरातत्त्व, समाजशास्त्र, धर्माभ्यास, साहित्य या विषयांत मात्र ग्रंथांशिवाय पान हलत नाही. आणि धाराशिवसारख्या जिल्ह्याकडे जगाला सांगण्यासारखे जे आहे ते नेमके याच विषयांत आहे. तेर आहे, तुळजाभवानी आहे, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले आहेत, धाराशिवची लेणी आहेत. त्या लेण्यांचा संबंध अपभ्रंशातल्या ‘करकंडचरिउ’ या जैन काव्याशी हिरालाल जैन यांनी 1934 मध्ये कारंजाहून निघालेल्या आवृत्तीत जोडून दाखवला, तोही एका जिल्ह्यातले दगड दुसरीकडच्या पोथीशेजारी ठेवूनच. म्हणजे प्रयोगशाळेतल्या विज्ञानाची सोय आधी झाली, आणि जिथे या जिल्ह्याचा अभ्यासक मूलभूत भर घालू शकतो ते विषय मागे राहिले.

कॅसन यांच्या ‘पेरिप्लस’चेच उदाहरण घेऊन व्यवहार कसा होतो ते पाहू. 1912 मधली शॉफ यांची इंग्रजी आवृत्ती इंटरनेटवर मोफत आहे, फ्लीट यांचा लेखही आहे. कॅसन 2009 मध्ये वारले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो, म्हणजे 2069 संपेपर्यंत ही आवृत्ती मोफत येणार नाही. अभ्यासक ग्रंथपालाकडे मागणी नोंदवतो. ग्रंथपाल आधी आवृत्ती, प्रकाशन-साल, आयएसबीएन पक्के करतो, कारण चुकीची आवृत्ती आली की महिना वाया जातो. मग तो इंडकॅटमध्ये शोधतो. पुस्तक एखाद्या विद्यापीठात आहे एवढे तालिका सांगते. आज ते फडताळावर आहे, बाइंडिंगला गेले आहे की चार वर्षांपासून एखाद्या प्राध्यापकाच्या नावावर आहे, हे ती सांगत नाही. एशियाटिक किंवा भांडारकरसारख्या संस्था विद्यापीठे नसल्याने त्यांचा साठा वेगळा शोधावा लागतो. ठिकाण लागले की संस्थेच्या पत्रावर विनंती, तिकडच्या प्रमुखांची मंजुरी, टपाल, आणि आलेले पुस्तक बहुधा ग्रंथालयातच बसून वाचायच्या अटीवर. यातली एकही पायरी अवघड नाही. मात्र प्रत्येक पायरी कोणाच्या तरी मर्जीवर सोडलेली आहे. इन्फ्लिबनेटने माहितीचा भाग सोडवला. पुस्तक खरोखर हलवण्याची जबाबदारी कोणावरच नाही, आणि इतक्या वर्षांच्या वाटचालीतली सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते.

जिल्ह्यापुरते पाहिले तर या उणिवेला विद्यापीठीय हद्दींची भर पडते. 1994 मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, पण तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा औरंगाबादकडेच राहिला. मूळ विद्यापीठाचे ग्रंथालय धाराशिवहून 250 किलोमीटरच्या आसपास पडते. सोलापूर 70 किलोमीटरच्या आत आहे. 2004 मध्ये सोलापूरला एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ झाले आणि त्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र उस्मानाबादला आले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी रास्त होते. परिणाम मात्र असा, की धाराशिवच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे विद्यापीठीय ग्रंथालय नियमाने परके आहे. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार 1986 पासून आहे. त्या संस्थेचे मुख्य ग्रंथालय मुंबईत देवनारला आहे. एकाच संस्थेच्या दोन आवारांत पुस्तकाने प्रवास करण्याला कुठला कायदा आड येत नाही. त्याच गावातल्या दुसऱ्या महाविद्यालयातला संशोधक मात्र त्या व्यवस्थेच्या बाहेर राहतो. ग्रंथालयांचा सहकार विद्यापीठांच्या हद्दीवर न बेतता वाचकाच्या अंतरावर बेतला, तर हे चित्र एका सामंजस्य कराराने पालटू शकते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, की आता प्रत्येक पुस्तक इंटरनेटवर मिळते. ज्याला ‘मिळते’ म्हणतात त्यातला मोठा भाग परवानगीविना चढवलेल्या प्रतींचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. मोठ्या प्रकाशकांनी सायहब आणि लिबजेन या संकेतस्थळांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात डिसेंबर 2020 मध्ये दावा लावला. संशोधकांची गरज खरी आहे आणि ते या वाटेला का जातात हेही समजण्यासारखे आहे. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या ग्रंथालयाला आपली सेवा त्यावर उभारता येणार नाही. आज उघडे असलेले पान उद्या बंद होऊ शकते, आणि ग्रंथपालाला वाचकाला शब्द देता आला पाहिजे. उलट कायद्याने दिलेली सवलत आपण पुरेशी वापरत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी करता येतात. बाजारातून गेलेल्या जुन्या परदेशी ग्रंथांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. ज्या मोठ्या ग्रंथालयात मूळ प्रत आहे आणि ज्यांना ती हवी आहे ती लहान ग्रंथालये, यांनी मिळून कायदेशीर सल्ल्याने ती अमलात आणण्याची पद्धत ठरवली, तर व्हीलर यांच्या पुस्तकासारखी पुस्तके पुन्हा वाचनात येतील.

दुसरा आक्षेप मोठ्या ग्रंथालयांचा, आणि तो मी हलका मानत नाही. दुर्मीळ पुस्तक टपालात गहाळ झाले तर जबाबदार कोण? दाखल रजिस्टरात ज्याची नोंद आहे ते पुस्तक सापडले नाही की ग्रंथपालाच्या मागे लेखापरीक्षण लागते. निर्लेखनाची परवानगी मिळेपर्यंत वर्षे जातात, कधी रक्कम पगारातून कापली जाते. ज्याने पुस्तक दिले नाही त्याला कोणी जाब विचारत नाही. ज्याने दिले आणि हरवले त्याला शिक्षा होते. अशा नियमांखाली माणूस कपाटाला कुलूप घालणारच. तेव्हा सहकार हवा असेल तर आधी हा नियम बदलायला हवा: आंतरग्रंथालयीन देवघेवीत गहाळ झालेल्या पुस्तकाची भरपाई सामायिक निधीतून व्हावी आणि दिलेल्या पुस्तकांची संख्या ग्रंथालयाच्या मूल्यमापनात जमेला धरावी. खरोखर दुर्मीळ ग्रंथ हलवूच नयेत. त्यांतल्या हव्या त्या प्रकरणाची प्रत कायद्याच्या मर्यादेत पाठवावी. टपालाचा खर्च हे कारण आता फारसे टिकत नाही. नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झाले तेव्हा ग्रंथव्यवहाराला धक्का बसला होता. मे 2025 पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. त्यात 300 ग्रॅमपर्यंतचे पाकीट 20 रुपयांत आणि 5 किलोपर्यंतचे 100 रुपयांत जाते, कर वेगळा. वाहतूक जमिनीवरून होत असल्याने दिवस लागतात, पण प्रबंधाच्या कामाला आठवडा जड नाही. याउलट तेच पुस्तक प्रत्येकाने बाहेरून मागवायचे, तर मूळ किंमत, विनिमय दर आणि 2019 च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर बसवलेले 5 टक्के सीमाशुल्क, सगळे पुन्हा पुन्हा भरावे लागते.

मागणीच नाही, असेही म्हटले जाते. लहान जिल्ह्यातून वर्षाला अशा किती विनंत्या येतात, असा प्रश्न विचारून विषय संपवला जातो. पण जे मिळणार नाही याची खात्री आहे ते कोणी मागत नाही. मार्गदर्शकच विद्यार्थ्याला विषय निवडताना उपलब्ध पुस्तकांवर भागेल असा विषय घ्यायला सांगतो. मग तेरचा प्रबंध स्थानिक वर्णनापुरता उरतो आणि रोमन व्यापाराचा भाग दोन-तीन जुन्या संदर्भांवर आटोपला जातो. मागणी कमी दिसते ती इथे, विषय निवडतानाच दाबलेली असते. दुसऱ्या टोकाचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे: सहकाराचे नाव पुढे करून संस्थाचालक ग्रंथखरेदीला कात्री लावतील. ही भीती खरी ठरण्याजोगी आहे, कारण ई-जर्नल्स आल्यानंतर छापील नियतकालिकांच्या बाबतीत अनेक ठिकाणी तसे घडले. म्हणूनच फार्मिंग्टनचा धडा अर्धा घेऊन चालणार नाही. तिथे उसने घेण्याचा हक्क होता, त्याच्यासोबत आपल्या वाट्याचे विकत घेण्याचे कर्तव्य होते. धाराशिवच्या ग्रंथालयांनी दख्खनचे पुरातत्त्व आणि प्राचीन व्यापार हा विषय आपला मानून त्यावरचे परदेशी ग्रंथ नेमाने घ्यावेत, सोलापूरने वस्त्रोद्योगाचा इतिहास घ्यावा, छत्रपती संभाजीनगरने लेणी आणि बौद्ध अभ्यास सांभाळावा, आणि प्रत्येकाची नोंद एकाच तालिकेत दिसावी. मग धाराशिव फक्त मागणारे राहणार नाही. पुण्याच्या अभ्यासकालाही कधी तेरच्या पुस्तकांसाठी इथे विनंती पाठवावी लागेल.

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. तालिका आहे, सॉफ्टवेअर आहे, देशभरच्या ग्रंथपालांना प्रशिक्षण देण्याचा अनुभव इन्फ्लिबनेटकडे आहे. इंडकॅटमध्ये पुस्तकाची आजची स्थिती दिसावी, विद्यापीठाबाहेरच्या संशोधन-ग्रंथालयांना तिच्यात जागा मिळावी, आणि विनंतीला ठरावीक दिवसांत उत्तर देणे सभासद ग्रंथालयांवर बंधनकारक व्हावे, एवढी भर तिच्यात हवी. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’चा मंजूर टप्पा 2027 अखेर संपतो आणि पुढच्या टप्प्याचा विचार त्याआधीच सुरू होईल. ग्रंथांचा समावेश तेव्हा व्हायचा असेल तर गरजेचा पुरावा आत्ताच जमा व्हायला हवा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि उपकेंद्राने मिळून एक साधी वही ठेवावी: संशोधकाने मागितलेले परदेशी पुस्तक, त्याची आवृत्ती, ते महाराष्ट्रात कुठे सापडले, मागणीपासून किती दिवसांनी हाती आले, आणि आलेच नाही तर कोणत्या कारणाने. दोन वर्षांच्या अशा नोंदी घेऊन ग्रंथपाल गांधीनगरला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले, तर त्यांच्या मागणीला कागदाचा आधार असेल.